धुतलेली 'कट्यार'

'कट्यार काळजात घुसली' (1967) मधल्या पदांची मुंबईहून आणलेली आमची एलपी परवा धुतली. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच. (नळाच्या पाण्याचे क्षार खाचेत बसतात. 78च्या लाखेच्या तबकड्यांना मात्र स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.) करकर गेली, आणि वसंतराव देशपांड्यांच्या तानेतला एकेक स्वर सुटा ऐकू आला. मुलाने दिलेल्या संगणकी प्रतीत खरखर काढताना तानपुऱ्याची आसही पुसली गेली आहे. मला ती अळणी वाटते. दुसऱ्या पदात सुई अजून उडते. तो ओरखडा हिच्या हातून पडलेला, धुऊन जात नाही. पूर्वी मी चिडत असे. आता तिथे सुई उचलत नाही.