सादृश्य आणि अवधान : व्हिया सेलमिन्स यांची ग्रॅफाइट-रेखाटने

समुद्राचे चित्र म्हटले की क्षितिज, किनारा, निदान एखादे गलबत यांची अपेक्षा प्रेक्षकाच्या मनात सहज उभी राहते. अमेरिकन चित्रकर्त्री व्हिया सेलमिन्स यांनी १९६८ पासून ग्रॅफाइट पेन्सिलीने काढलेल्या सागरचित्रांत यांपैकी काहीही आढळत नाही. कडेपासून कडेपर्यंत लाटाच आहेत. दृष्टीने विसावावे असे केंद्र नाही आणि कोणतीही लाट शेजारच्या लाटेहून अधिक महत्त्वाची नाही. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथील धक्क्यावरून स्वतः टिपलेली छायाचित्रे समोर ठेवून ही चित्रे सिद्ध झाली. त्यामुळे त्यांच्याविषयी दोन मते संभवतात. पहिले असे की, ही छायाचित्राची कुशल नक्कल होय. दुसरे असे की, समुद्र केवळ निमित्त असून खरा विषय करड्या छटांची रचना हाच आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे, तथापि दोन्ही अपुरी आहेत.

यशोधराने 'जयमंगला' टीकेत सांगितलेल्या चित्रषडंगांत सादृश्याची गणना आहे. परंतु येथे सादृश्य नेमके कशाशी, हा पहिला प्रश्न होय. हाती असलेली वस्तू समुद्र नसून छायाचित्र आहे. कॅमेऱ्याने क्षणार्धात टिपलेले सारे हाताला मात्र एकेक खूण करीत पुन्हा उभे करावे लागते. पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे मिश्रण असते. मातीचे प्रमाण वाढेल तशी ती कठीण होते आणि तिची रेघ फिकट उमटते. सेलमिन्स कागदावर ॲक्रिलिकचा लेप देऊन त्यावर काम करीत. त्यामुळे ग्रॅफाइटचा थर पृष्ठभागावर स्वतंत्रपणे जाणवतो. लाटेच्या खोलीचा भास आणि सपाट कागदाची जाणीव यांपैकी एकही दुसरीला पुसून टाकीत नाही. हा ताण नकलेच्या कल्पनेत बसत नाही.

मग हे सौंदर्य केवळ रचनेचे मानावे काय? बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मांडलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे या लाटांना सहज लागू पडतात. परंतु लय हेच सर्वस्व असते, तर चुरगळलेले कापडही समुद्राइतकेच उपयोगी ठरले असते. सेलमिन्स यांची विषयनिवड इतकी उदासीन नाही. १९६८ मध्येच त्यांनी हिरोशिमाच्या विध्वंसाची आणि बिकिनी बेटावरील अणुस्फोटाची छापील कात्रणे रेखाटली. तेथे छापलेले दृश्य आणि कात्रणाचा कागद, त्याच्या कडांसह, सारख्याच निष्ठेने येतात. त्याच वर्षी आईच्या पत्राचे पाकीटही त्यांच्या चित्राचा विषय झाले. १९३८ मध्ये रीगा येथे जन्मलेल्या सेलमिन्स यांच्या कुटुंबाने १९४४ मध्ये लाटव्हिया सोडले व जर्मनीतील निर्वासित जीवनानंतर १९४८ मध्ये अमेरिका गाठली. म्हणून ही कात्रणे आत्मचरित्र ठरत नाहीत. पण केवळ आकारही ठरत नाहीत.

येथेच एक गंभीर आक्षेप उद्भवतो. उद्ध्वस्त नगर आणि पाण्याची लाट यांना सारखीच वागणूक देणे ही भावशून्यता नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर वृत्तचित्राच्या आयुष्यात सापडते. ते सकाळी पाहिले जाते आणि संध्याकाळी रद्दीत जाते. मंद गतीने चालणारी पेन्सिल त्याला हिरावून घेतलेला वेळ परत देते. शोकाचा उच्चार न करता दिलेला हा वेळ करुणेच्या अधिक जवळ जातो. अर्थात् या रीतीला मर्यादा आहे. सागरचित्रांच्या मालिकेत जेथे विषयाचा प्रतिकार क्षीण होतो, तेथे अवधानाची सवय होते आणि समुद्र नक्षीच्या सीमेवर येतो.

या विवेचनाची कसोटी रेखाटनांच्या बाहेर, 'टु फिक्स द इमेज इन मेमरी' (१९७७–८२) या शिल्पात पाहावयास मिळते. अकरा दगड आणि प्रत्येकाची ब्राँझमध्ये ओतून रंगविलेली प्रतिकृती येथे एकत्र मांडलेली आहेत. खरा कोणता हे ओळखू पाहणारा प्रेक्षक मूळ दगडाकडेही प्रतिकृतीइतक्याच बारकाईने पाहू लागतो. एरवी त्या दगडावर त्याची दृष्टी क्षणभरही थांबली नसती. सेलमिन्स यांच्या कलेत सादृश्य हे साधन आहे. साध्य आहे ते अवधान. त्यांच्या चित्रांचे मूल्यमापन 'हुबेहूब' या शब्दापाशी थांबवणारी समीक्षा साधनालाच साध्य समजण्याची चूक करते.