अवयवदान : एका संज्ञेची चिकित्सा

मानवी अवयवांच्या खरेदीविक्रीचा प्रश्न आजवर प्रामुख्याने वैद्यक, कायदा आणि नीतिशास्त्र यांच्या कक्षेत चर्चिला गेला आहे. तो भाषेचाही प्रश्न आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठीत मूत्रपिंड देणाऱ्यास ‘दाता’ म्हणतात. मुलासाठी ते देणारी आई दाता. मेंदूमृत्यूनंतर आप्तांच्या संमतीने ज्याचे अवयव काढले जातात तोही दाता. आणि सावकाराचे देणे फेडण्यासाठी मूत्रपिंड विकणारा मजूरही, प्रकरण उघडकीस येईपर्यंत, कागदोपत्री दाताच. तीन भिन्न कृती जेव्हा एकाच संज्ञेखाली येतात, तेव्हा त्या संज्ञेची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम ठरते.

प्रस्तुत चिकित्सेसाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके विशेष उपयोगी आहेत. दानाची आधुनिक काळात नव्याने मांडणी करणारे दोन विचारवंत याच भूमीतले : विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला, तर पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९२० मध्ये रोह्यास. शिवाय पेण हे गणेशमूर्तींचे गाव आहे, आणि प्रत्यारोपणाची आपल्या परंपरेतील सर्वांत परिचित कथा गणेशाचीच आहे.

१

ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी गणेशाच्या मस्तकाचा दाखला प्राचीन शल्यविद्येच्या संदर्भात दिला. त्यावर जो वाद झाला तो विज्ञान आणि मिथक यांच्या सीमारेषेपुरता राहिला. ते मस्तक कोणाचे होते, हा प्रश्न दोन्ही पक्षांना पडला नाही. शिवपुराणातील कथेत शिवाचे गण उत्तरेकडे जातात, वाटेत प्रथम भेटलेल्या हत्तीचे शिर कापून आणतात, आणि कथा पुन्हा कैलासावर येते. हत्तीविषयी निवेदन मौन पाळते. ब्रह्मवैवर्त पुराणात मात्र नदीकाठी निजलेल्या हत्तीचे शिर विष्णू कापतो, तेव्हा त्याची हत्तीण जागी होऊन शोक करते. तिच्या स्तुतीने प्रसन्न झालेला विष्णू त्या हत्तीलाही पुन्हा जिवंत करतो. एकच घटना दोन निवेदनांत सांगितली गेली आहे. पहिले ज्याला मिळाले त्याचे आहे. दुसऱ्यात ज्याचे गेले त्याच्या बाजूने किमान एक आवाज उठतो. अवयव-प्रत्यारोपणाविषयीचे आजचे बहुतेक लेखन, बातमी असो वा गौरवपर लेख, पहिल्या प्रकारात मोडते. त्यात ‘जीवदान मिळालेला’ नायक असतो. देणारा कथेच्या कडेला उभा असतो.

२

भूदानाच्या काळात, १९५१ पासून, विनोबांनी दान या शब्दातील उपकाराचा अर्थ काढून टाकण्याचा प्रयत्न केला. शंकराचार्यांच्या आधाराने त्यांनी दान म्हणजे समविभाजन असा अन्वयार्थ लावला. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, ही त्यांची मागणी भिक्षेची नव्हती, हक्काची होती. आठवल्यांच्या स्वाध्याय परिवाराने ‘योगेश्वर कृषी’सारख्या प्रयोगांतून दुसरी बाजू मांडली. अनेकांच्या श्रमभक्तीतून निर्माण झालेली संपत्ती ही कोणाचीच नाही, ती ‘अपौरुषेय लक्ष्मी’. गरजूला ती प्रसाद म्हणून मिळते, म्हणून घेणारा कोणाही व्यक्तीचा मिंधा होत नाही.

या दोन मांडण्यांतून दानाच्या दोन कसोट्या हाती येतात. पहिली दिशेची : दान अधिक असलेल्याकडून उणे असलेल्याकडे जाते. दुसरी ऋणाची : दानाने घेणाऱ्याच्या डोक्यावर कोणाचे ओझे राहत नाही. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव प्रतीक्षायादीनुसार दिले जातात आणि दोन्ही कुटुंबांची नावे परस्परांपासून गुप्त ठेवली जातात. ही व्यवस्था दुसऱ्या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते. अवयवविक्री मात्र पहिल्याच कसोटीवर उलटी पडते. येथे देहाचा अंश दुबळ्याकडून सबळाकडे जातो. हा उलटा प्रवाह सुसह्य व्हावा म्हणून बाजार एक युक्तिवाद पुढे करतो : मूत्रपिंडे दोन असतात, एक पुरते. या युक्तिवादाने देहात ‘शिल्लक’ निर्माण होते आणि भूमिहीन मनुष्यही एकाएकी अधिक असलेला ठरतो.

दानाची भाषा स्वतः निर्दोष होती असेही नाही. भूदानात मिळालेली बरीचशी जमीन नापीक वा वादग्रस्त होती. म्हणजे न देण्याची इच्छाही त्याच शब्दाआड लपू शकली. म्हणूनच शब्दाच्या पावित्र्यावर विसंबून चालत नाही.

३

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. जवळचा नातेवाईक नसलेल्या व्यक्तीस अवयव द्यायचा असेल, तर तो प्रेम, आपुलकी वा अन्य विशेष कारणाने दिला जात आहे, अशी प्राधिकार समितीची खात्री पटावी लागते. साहित्याच्या अभ्यासकास ही तरतूद लक्षणीय वाटावी, कारण येथे कायदा पक्षकाराकडून एका कथेची मागणी करतो आणि समितीला त्या कथेच्या वाचकाची भूमिका देतो. जेथे कथेची मागणी असते तेथे कथा रचणारेही निर्माण होतात. २०२२ मध्ये पुण्यात उघडकीस आलेल्या प्रकरणात, तक्रारीनुसार, कोल्हापूरच्या एका स्त्रीला १५ लाख रुपयांचे आश्वासन देऊन रुग्णाची पत्नी म्हणून उभे करण्यात आले होते. पैसे न मिळाल्याने ती पुढे आली आणि नाते संपले. २०१६ च्या मुंबईतील प्रकरणातही बनावट पत्नीच होती.

मंजुला पद्मनाभन यांच्या ‘हार्व्हेस्ट’ या इंग्रजी नाटकास १९९७ मध्ये ओनासिस पारितोषिक मिळाले. भविष्यातील मुंबईत घडणाऱ्या या नाटकात बेकार झालेला ओम आपला देह परदेशी खरेदीदारास लिहून देतो. कंपनीला अविवाहित माणूस हवा असल्यामुळे त्याची पत्नी जया ही बहीण ठरते. नाटकात पत्नीची बहीण होते, प्रत्यक्षात परकी स्त्री पत्नी होते. रचना उलट असली तरी तत्त्व एकच आहे. विक्रीसाठी आधी नाते बदलावे लागते. देहाच्या आधी नातेवाचक शब्द विकला जातो. नाटकातील कंपनीही विकणाऱ्यास दाताच म्हणते, हा तपशील या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अखेरीस जया आत्महत्येची धमकी देऊन खरेदीदाराने पडद्यावरील प्रतिमेतून नव्हे, प्रत्यक्ष देहाने यावे अशी अट घालते. ज्याला मिळणार त्यानेही काही पणाला लावावे, अशी ही मागणी आहे.

४

या ठिकाणी बाजाराच्या समर्थकांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. इराणमध्ये १९८८ पासून नियंत्रित स्वरूपात मोबदल्याची पद्धत आहे. गरीब मनुष्य आपला देह एरवीही झिजवूनच जगतो. मग मूत्रपिंडाचीच किंमत त्याला का नाकारावी, असा हा आक्षेप आहे. पेण-रोह्याच्या परिसरात त्याला दृश्य आधार मिळतो. येथील कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पुढचा हंगामभर त्यांचा देह त्या उचलीपोटी गहाण असतो. येथे अवयव विकले जातात असे सुचवायचे नाही. कर्जापोटी देह देण्याची प्रथा शल्यविद्येपेक्षा जुनी आहे, एवढेच येथे दाखवायचे आहे. २०१५ मध्ये अकोल्यात उघडकीस आलेल्या प्रकरणात सावकारी कर्ज हेच मूत्रपिंड-विक्रीचे कारण होते.

तथापि याच उदाहरणात आक्षेपाचे उत्तरही आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने, मजुराची संमती होती की नाही हे न पाहता, बिगारीचे कर्जच रद्द ठरवले. विवशतेतून दिलेल्या होकाराला समाजाने करार मानले नाही आणि वेठबिगारास अन्यायग्रस्त मानले. अवयवांविषयीच्या कायद्याने मात्र मोबदला देणारा आणि घेणारा या दोघांनाही अपराधी ठरवले. २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ५ ते १० वर्षे आणि दंड २० लाख ते १ कोटी रुपये आहे. कर्ज तसेच राहते. परिणामी मूत्रपिंड विकणारा मनुष्य शस्त्रक्रियेपर्यंत दाता असतो आणि तक्रार करताच आरोपी होऊ शकतो. या दोन शब्दांच्या मध्ये त्याची स्वतःची अशी जागा भाषेत नाही. आपली हकीकत सांगण्यासाठी त्याला ज्या शब्दाची गरज आहे तोच त्याला अपराधी ठरवतो. मग तो गप्प राहतो, आणि त्याचे गप्प राहणे दलालाच्या सोयीचे असते.

बंदी उठवणे हा यावरचा उपाय नव्हे. बंदी असावी, परंतु ती वेठबिगारीच्या कायद्याप्रमाणे विकणाऱ्यास अन्यायग्रस्त मानणारी आणि त्याच्या कर्जाकडे पाहणारी असावी. आणि मराठीने दान हा शब्द विनोबांच्या कसोटीवर उतरणाऱ्या कृतीसाठीच राखून ठेवावा. देहाचा अंश ज्याच्याकडून दारिद्र्याने काढून घेतला, त्याला दाता म्हणणे हे सौजन्य नव्हे. त्या शब्दाने झालेला व्यवहार झाकला जातो.