उपग्रहचित्रे आणि पीकक्षेत्राचे अनुमान : वसई तालुक्याच्या संदर्भात एक परीक्षण

कृषिसांख्यिकीत उपग्रहीय दूरसंवेदनाचे स्थान आता निर्विवाद मानले जाते. 1988 मध्ये आय.आर.एस.-1ए हा उपग्रह अवकाशात गेला आणि 2012 मध्ये नवी दिल्ली येथे महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र स्थापन झाले. या दोन टप्प्यांच्या दरम्यान प्रयोगाचे रूपांतर शासकीय व्यवहारात झाले. तथापि या पद्धतीच्या समर्थनात एक गृहीतक नकळत शिरलेले दिसते : उपग्रह पिकाखालील क्षेत्र मोजतो. वस्तुतः तो परावर्तन मोजतो; क्षेत्र हे त्यावरून काढलेले अनुमान होय. हा भेद वसई तालुक्यात विशेष स्पष्ट होतो.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा चित्रघटक, म्हणजे पिक्सेल, 10 मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे एक गुंठ्याचा असतो. भारतीय लिस-3 संवेदकाचा 23.5 मीटर बाजूचा घटक साडेपाच गुंठे व्यापतो. विदर्भातील कापसाच्या सलग शेतात हे माप पुरेसे सूक्ष्म ठरेल. वसईच्या वाडीत मात्र एकाच गुंठ्यात माडाखाली केळ आणि तिच्या जोडीला पानवेल असू शकते. उपग्रहास दिसतो तो मुख्यतः वरचा पर्णसंभार. छायेतील पानवेल त्याच्या हिशेबात कमी येते असे नव्हे. ती बहुधा येतच नाही.

भाताची स्थिती तुलनेने बरी आहे. पावसाळी ढगांतून रडारच्या लहरी पार होतात. लावणीच्या वेळी पाण्याने भरलेल्या खाचरातून परावर्तन क्षीण येते आणि रोपांबरोबर ते वाढत जाते. पाण्याखालील मिठागरात हा चढ नसल्याने ते वेगळे काढता येते. परंतु पडीक खाचरात पाणी साचून गवत माजले, तर असाच चढ दिसू शकतो. 2009 मध्ये महानगरपालिका झालेल्या आणि शेती आकसत चाललेल्या या परिसरात ही चूक गौण म्हणता येत नाही.

येथे अचूकतेच्या टक्केवारीने समाधान मानणे धोक्याचे आहे. समजा, 1000 हेक्टरांपैकी 100 हेक्टर भात आहे आणि वर्गीकरण दोन्ही बाजूंस 90 टक्के अचूक आहे. भाताचे 90 हेक्टर ओळखले जातील. उरलेल्या 900 पैकी 90 हेक्टर चुकून भात ठरतील. एकूण भात 180 हेक्टर! पीक जितके विरळ, तितका हा दोष मोठा.

या दोषाचे एक अंग, सीमेवरील चूक, जुनेच आहे. 1940 च्या दशकात पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या लहान तुकड्यांत सीमेवरील रोपे आत धरली जाऊन उत्पादन फुगते, हे दाखवून दिले होते. बांधावरील मिश्र चित्रघटक तोच प्रश्न नव्या रूपात उभा करतो.

पीक विम्यात 2023 च्या खरिपापासून भाताच्या तंत्राधारित उत्पादन-अंदाजास किमान 30 टक्के भार देण्यात आला. असा अंदाज भाताचे घटक बिनचूक निवडण्यावर अवलंबून असल्याने वर्गीकरणातील चूक शेतकऱ्याच्या भरपाईपर्यंत पोहोचू शकते. म्हणून चित्रघटकांची नुसती गणना प्रमाण मानू नये. चित्राच्या आधारे गावांचे स्तर पाडावेत, प्रत्येक स्तरातून यादृच्छिक नमुना घेऊन प्रत्यक्ष पाहणी करावी आणि तिच्या आधारे गणना दुरुस्त करून प्रमाद-मर्यादेसह प्रसिद्ध करावी. उपग्रह नमुना-पाहणीचा पर्याय नव्हे. तो तिचा समर्थ सहायक होय.