ओवी कोणाची, नोंद कोणाची?

लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ‘कर्ता अज्ञात’ हे शब्द इतक्या सहजपणे वापरले की, कर्ता खरोखर अज्ञात होता की त्याला नाव विचारलेच गेले नाही, हा प्रश्न क्वचितच उपस्थित झाला. जात्यावरच्या ओवीचा कर्ता तर बाई. बहुधा निरक्षर, आणि पुष्कळदा गावकुसाबाहेरची. या पार्श्वभूमीवर ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’, या संकेतस्थळावर २०१७ पासून येत असलेला ओव्यांचा संग्रह मला मोलाचा वाटतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्याहून उभ्या केलेल्या या कामात हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. येथे बाई अज्ञात नाही. गाण्याखाली तिचे नाव येते, गाव, तालुका, जिल्हा येतो, आणि जातही येते.

नावाचे महत्त्व गंगाखेडात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. हे जनाबाईचे जन्मगाव. दळणकांडण करणाऱ्या या दासीने आपल्या अभंगांत स्वतःचे नाव घातले, पण तेही नामदेवाच्या नावाला जोडून. तिच्यानंतर दळणाऱ्या लाखो बायांना तेवढेही लाभले नाही. माझी आई त्यांतलीच.

तरीही ‘पारी’वरची ही नोंद वाचताना मी अस्वस्थ होतो. ओवी जन्मते कुठे? पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत, समोर बसलेल्या सईपुढे. सासूचा जाच, नवऱ्याची मारहाण, पाठ फिरवलेला भाऊ हे सारे बाईला तिथे बोलता येते, कारण ऐकणारी दुसरी बाईच असते. जात्याचा आवाज हा तिचा आडोसा होता. या आडोशामुळेच ओवी इतकी निर्भय झाली, असे माझे मत आहे. आणि आपण नेमका तोच काढून घेतला. आज नाव, गाव आणि जात एका ओळीत मिळाल्यावर त्या बाईच्या घरापर्यंत पोचायला कोणाला किती वेळ लागेल? मराठवाड्यातल्या खेड्यात एवढी माहिती म्हणजे घराचा पत्ताच. ध्वनिफीत १९९६ सालची असेल, तर त्या वेळच्या होकारात आजचा मोबाइल कसा धरायचा? ‘पारी’च्या मंडळींनी काही गायिकांना पुढे पुन्हा शोधून काढले, हे त्यांच्या श्रेयात जमा केले पाहिजे. पण एक लाख ओव्यांच्या मानाने ते थोडेच.

संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत यावर तयार उपाय असतो: नाव काढा, क्रमांक घाला. मला तो मान्य नाही. क्रमांक लावला की बाई पुन्हा ‘अज्ञात’ होते आणि तिची ओवी कोणीही उचलून आपल्या प्रबंधात घालायला मोकळा. शिवाय माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर ज्या ओव्या गायल्या, त्यांच्याखाली ‘नवबौद्ध’ हा शब्द हवाच. तो त्या गाण्याच्या अर्थाचा भाग आहे. ती ओवी आडोसा मागत नाही. प्रश्न आहे तो दोन्ही प्रकारच्या ओव्यांना एकाच साच्याची नोंद लावण्याचा.

कायद्याकडे पाहावे तर तिथेही निराशाच. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात ही ‘संवेदनशील’ माहिती होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हा वर्गच उरला नाही. माझी जात आणि माझा ई-मेल यांचे वजन कायद्याने सारखे ठरवले! संशोधन आणि अभिलेखन यांना काही अटींवर आणखी सूट. जनगणनेत दिलेल्या उत्तराला निदान १९४८ च्या कायद्याचे पंधरावे कलम झाकून ठेवते; ओवीवालीच्या वाट्याला असे कलम नाही.

आमच्या विद्यार्थिनी आसपासच्या खेड्यांतून ओव्या जमवतात. एका संशोधनगटाने त्यांना मोबाइलवर भरायचा तयार फॉर्म पाठवला; त्यात जातीचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. एका म्हाताऱ्या बाईंनी दिराने दाबलेल्या शेताची ओवी गायली आणि लगेच मुलीचा हात धरला, “ही तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे बाई. लेकीच्या सासरी मोबाइल हाय.” माहिती देणाराचे संरक्षण म्हणजे काय, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. मुलींनी तो फॉर्म बाजूला ठेवून वही घेतली. आता प्रत्येक ओवी बाईला परत ऐकवतात. नाव, गाव आणि जात यांचा होकार वेगवेगळा, तोही ओवीगणिक विचारतात. त्या बाईंनी अकरा ओव्या दिल्या. दहांवर नाव लावायला सांगितले, भीमाच्या तीन ओव्यांवर जातसुद्धा. अकरावी वहीत नाही. बाईंचे नाव मीही येथे दिलेले नाही, कारण मुलींना दिलेला होकार माझा होत नाही.

एवढी काळजी मोठ्या संग्रहाला घेता येणार नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्यांना लाख ओव्या टिपता आल्या त्यांना एक सोय खचित करता येईल. वाचता न येणाऱ्या बाईला उद्या आपली ओवी किंवा आपली जात तिथून काढून घ्यावीशी वाटली, तर कोणत्या नंबरवर, आपल्या बोलीत, कोणाशी बोलायचे, हे तिला नोंद करतानाच सांगितलेले असावे. आणि तो फोन उचलला जावा.