प्रवाहाचा नियम आणि जातीची उतरंड

ड्यूक विद्यापीठातील अभियंते एड्रियन बेजन यांनी १९९६ साली ‘कन्स्ट्रक्टल’ नियम मांडला. ज्यातून काही वाहते अशी व्यवस्था टिकायची असेल, तर वाहणाऱ्याची वाट अधिकाधिक सुकर होईल असा तिचा आकार बदलत गेला पाहिजे, हा त्याचा आशय. नदीचे खोरे, फुप्फुसातील नलिका, शहरातले रस्ते यांच्यातील साम्य तो एका सूत्रात बांधू पाहतो. इथपर्यंत आमची तक्रार नाही.

तक्रार पुढच्या पावलाबद्दल आहे. जे. पेडर झेन यांच्यासह लिहिलेल्या ‘डिझाइन इन नेचर’ (२०१२) या पुस्तकात बेजन समाजाकडे वळतात. मोठे प्रवाह थोडे, लहान पुष्कळ. म्हणून श्रेणीरचना नैसर्गिक! २०१७ साली तर संपत्तीच्या विषमतेलाही त्यांनी भौतिकशास्त्राचा आधार दिला. आपल्या कानांना यात नवे काय? विराट पुरुषाच्या मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र काढणाऱ्यांनीही समाजरचनेला सृष्टीचाच दाखला दिला होता.

बेजन जातीचे समर्थक नव्हेत. बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांच्या सिद्धान्तात मध्यवर्ती आहे. पण उपमा फसते ती इथेच. ओढा नदीला मिळतो तेव्हा दोघांचे पाणी एक होते. उतरंडीतली मडकी नुसती एकमेकांवर बसतात. एकातला थेंब दुसऱ्यात जात नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. तरी महाडचे चवदार तळे अस्पृश्यांना बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो माणसे ते पाणी प्याली, आणि सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पाण्याला उतार कळतो, सोवळे कळत नाही.

प्रवाहाचीच उपमा बाबासाहेबांनीही वापरली होती. ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) मध्ये त्यांना हवा असलेला समाज गतिमान आहे. एका भागातला बदल दुसऱ्या भागात नेणारे पाट त्यात जागोजागी आहेत. त्यासाठी त्यांनी ‘एन्डॉस्मोसिस’ हा शब्द योजला, म्हणजे पडद्यातून झिरपणे. तो त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांच्या लेखनातला. झिरपण्याला मुख्य पात्र नसते आणि उपनदीही नसते. बेजन यांच्या नदीत जे मिळत नाही ते या एका शब्दात आहे. आपल्या समीक्षकांनी त्याकडे फारसे पाहिले नाही, याचे नवल वाटते.

आता तंत्रज्ञान. सांडपाण्याला सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटर वेग मिळाला नाही तर गाळ तळाशी बसतो, हे अभियांत्रिकीचा विद्यार्थी शिकतो. बसलेला गाळ उपसायला गटारात कोण उतरते, त्याची जात कोणती, हे त्या गणितात येत नाही. प्रवाह सुकर झाला, एवढेच त्यात मोजले जाते. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्या माणसामागे दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाला ही रक्कम तीस लाख करावी लागली.