मध्यांची तुलना आणि शब्दांचा नमुना

अनेक गटांच्या मध्यांची तुलना करण्यासाठी भाषाविषयक प्रयोगांत प्रचरण-विश्लेषणाचा जो अवलंब होतो, त्याची मूलगामी चिकित्सा हर्बर्ट क्लार्क यांनी 1973 साली 'जर्नल ऑफ व्हर्बल लर्निंग अँड व्हर्बल बिहेव्हियर' या नियतकालिकात केली. फिशर यांनी 1925 च्या ग्रंथाने रूढ केलेली ही कसोटी मुळात रॉथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगांत वाढली. गटागटांतील फरक गटाच्या आतील चढउतारांच्या मानाने किती मोठा, एवढेच ती विचारते. परंतु हा आतील चढउतार कोणाचा? शेतात तो जमिनीच्या तुकड्यांचा होता. भाषेच्या प्रयोगात तो वाचकांचा असतो, तसाच शब्दांचाही.

क्लार्क यांचा आक्षेप नेमका येथे आहे. संशोधक तीन प्रकारचे प्रत्येकी वीस शब्द घेतो आणि ते ओळखण्यास लागणाऱ्या वेळांचे मध्य ताडून पाहतो. वाचकांना तो नमुना मानतो. शब्दांना मात्र जणू संपूर्ण भाषाच समजतो. अशा वेळी शून्य परिकल्पना फेटाळली गेली, तरी याच साठ शब्दांपुरता फरक इतर वाचकांतही आढळेल, एवढेच म्हणता येते. निष्कर्ष मात्र भाषेविषयी लिहिला जातो! रुबेनस्टाइन प्रभृतींच्या शब्दनिर्णयविषयक सामग्रीची फेरगणना करून, शब्दांनाही नमुना मानले असता फरक टिकत नाहीत, असे क्लार्क यांनी दाखविले. कोलमन यांनी 1964 मध्येच हा मुद्दा मांडला होता.

क्लार्क यांनी सुचविलेला उपाय सोपा होता. वाचकांनुसार एक व शब्दांनुसार एक अशी दोन एफ-गुणोत्तरे काढून त्यांच्या गुणाकारास बेरजेने भागावे. पुढे मात्र विपरीत घडले. दोन्ही गुणोत्तरे स्वतंत्रपणे लक्षणीय ठरली की पुरे, असा परिपाठ पडला; रायमेकर्स व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये त्यावर योग्यच टीका केली. तीन गटांच्या तुलनेत दोन्ही गुणोत्तरे 6 आणि दोहोंच्या छेदाच्या स्वातंत्र्य-मात्रा 20 असल्यास, 5 टक्के पातळीवरील मर्यादा 3.49 असल्याने दोन्ही लक्षणीय ठरतात. एकत्रित मूल्य मात्र 36 भागिले 12, म्हणजे 3. तेथे छेदाच्या मात्रा 40 होऊन मर्यादा 3.23 येते. फरक सिद्ध होत नाही.

तथापि क्लार्क यांची भूमिका सरसकट स्वीकारणेही धोक्याचे. पुरुषवाचक सर्वनामांसारखा मर्यादित वर्ग अभ्यासात समग्र घेतला असेल, तर तेथे नमुना उरतच नाही. शब्द वारंवारता, लांबी इत्यादी गुणांनी काटेकोर जुळवून निवडले असतील, तर ही कसोटी अवाजवी कठोर ठरते, हेही रायमेकर्स प्रभृतींचेच म्हणणे. 2008 साली बायन, डेव्हिडसन व बेट्स यांनी मिश्र-परिणाम प्रतिमानांचा पुरस्कार केला. वाचक व शब्द ही दोन्ही यादृच्छिकतेची उगमस्थाने त्यांत एकाच गणितात सामावतात. तो लेख त्याच नियतकालिकाच्या नव्या नावाखाली प्रसिद्ध झाला. शब्द कोणत्या समूहातून व कसे निवडले, हे मात्र तेथेही संशोधकालाच सांगावे लागते.