'फीस्ट' : सण, पंगत आणि पारणे

परभाषेतील काही शब्द इतके सोपे वाटतात की, त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे असे भाषांतरकारास वाटतच नाही. इंग्रजीतील 'फीस्ट' हा असाच एक शब्द होय. 'मेजवानी' हा प्रतिशब्द हाताशी तयार असतो. लेखणी तो उमटवून पुढे जाते. सरकारी समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत एवढ्याने काम भागते, यात शंका नाही. परंतु ज्या ग्रंथांच्या केंद्रस्थानी हाच शब्द आहे, त्यांच्यापाशी आलो म्हणजे हे सुलभ भाषांतर आपणांस चकवते. ते कोठे व कसे चकवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मोठ्या भोजनास नाव देताना निरनिराळ्या भाषांनी निरनिराळ्या गोष्टींवर बोट ठेवले आहे. फारसीतून आपल्याकडे आलेल्या 'मेजवानी'त 'मेजबान', म्हणजे यजमान, मुख्य आहे. उत्तरेकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्यांच्या कानावर नित्य पडणारी 'दावत' अरबीतील. तिच्या मुळाशी 'बोलावणे' आहे. इंग्रजीतील 'बँक्वेट' हा शब्द लहान बाकावरून निघाला, आणि आपली 'पंगत' ओळीवरून. यजमान, बोलावणे, बाक, ओळ! 'फीस्ट'चे कूळ मात्र या सर्वांहून वेगळे आहे. लॅटिनमध्ये 'फेस्टम्' म्हणजे सणाचा दिवस. तेथून जुन्या फ्रेंचमधून सुमारे १२०० च्या आसपास हा शब्द इंग्रजीत उतरला. 'फेस्टिव्हल' हा त्याचाच सगोत्र. म्हणजे येथे आधी दिवस आणि मग अन्न. अमुक तिथी आली म्हणून सर्वांनी एकत्र जेवावयाचे, हा या शब्दाचा मूळ आशय होय.

हा आशय इंग्रजीत अजूनही पुरता लोपलेला नाही. ख्रिस्ती पंचांगात सणांचे दोन वर्ग आहेत. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, तो अचल. ईस्टर मात्र चंद्रावर अवलंबून : २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा त्याचा दिवस, आणि म्हणून तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत केव्हाही येऊ शकतो. अशा सणास 'मूव्हेबल फीस्ट', म्हणजे चल सण, असे म्हणतात. संक्रांतीसारखा अपवाद सोडला, तर आपले बहुतेक सण याच जातीचे. याहून जवळचा दाखला गोव्यात सापडतो. तेथील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीज 'फेस्ता'वरून आलेला 'फेस्त' हा शब्द रूढ आहे. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त भरते. त्यापूर्वी नऊ दिवस प्रार्थना चालतात. गोव्यातील इंग्रजी वृत्तपत्रे या दिवसाला 'फीस्ट' म्हणतात, तेव्हा त्यांना मेजवानी मुळीच अभिप्रेत नसते.

नामाची ही प्रतिष्ठा क्रियापदाच्या वाट्यास मात्र राहिली नाही. 'फीस्ट' हे क्रियापद पूर्वी 'दुसऱ्यास जेवू घालणे' या अर्थीही सहज वापरले जाई. आज तो अर्थ मागे पडला आहे. उरले आहे ते आपण स्वतः यथेच्छ खाणे. गिधाडे प्रेतावर 'फीस्ट' करतात, टोळ उभ्या पिकावर करतात. गिधाडांना सण नसतो आणि टोळांना पाहुणा नसतो, हे उघड आहे. म्हणजे 'फीस्टिंग'पर्यंत येता येता दिवस गळाला, यजमान गळाला, सोबतीही गळाला. फक्त भूक व तिचे भक्ष्य शिल्लक राहिले. नाम समाजाकडे पाहते, क्रियापद आपल्या ताटाकडे. इंग्रजी भाषेतील काही समर्थ लेखकांनी नेमक्या याच फटीत आपले नाट्य शोधले आहे, असे माझे मत आहे.

शेक्सपिअरच्या 'टायमन ऑफ अथेन्स' या नाटकाकडे पाहावे. टायमन हा अथेन्समधील उदार धनिक. त्याच्या घरच्या भोजनांना ना व्रताचे निमित्त, ना सणाचे. आपले औदार्य हाच त्याचा नित्याचा उत्सव. अपेमँटस हा तुसडा तत्त्वज्ञ तेथे येऊन बसतो, परंतु त्या अन्नाला शिवत नाही. ही मंडळी टायमनचे अन्न खात नसून टायमनलाच खात आहेत, हे त्या एकट्यास दिसते. पुढे टायमनचे दिवाळे वाजते, मित्र पाठ फिरवतात, आणि तो त्यांना पुन्हा एकदा जेवावयास बोलावतो. झाकलेली पात्रे पुढे येतात; झाकणे निघतात, तो आत नुसते कोमट पाणी! पहिल्या भोजनात अन्न होते, आपुलकी नव्हती. दुसऱ्यात अन्नही नाही. 'मेजवानी' हा शब्द येथे चालेल, कारण नाटककाराचा रोखच यजमानावर आहे. मूळ शब्दातील पवित्र दिवस नाहीसा झाल्यावर यजमानाचे काय होते, याचे हे चित्र आहे.

हेमिंग्वेच्या 'ए मूव्हेबल फीस्ट'ची गोष्ट निराळी. लेखकाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९६४ साली, प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात १९२० नंतरच्या दशकातील पॅरिसच्या आठवणी आहेत. 'फिरती मेजवानी' असे त्याचे नामांतर केले, तर वाचकास एखाद्या खाद्ययात्रेची अपेक्षा होईल. प्रत्यक्षात या पुस्तकातील सर्वांत जिवंत पाने भुकेची आहेत. खिशात पैसा नसलेला तरुण लेखक, ज्या रस्त्यांवर खाण्याचे वास येतात ते टाळून बागेतून वाट काढतो. रिकाम्या पोटी सेझानची चित्रे पाहतो, आणि ती त्यास अधिक स्पष्ट दिसतात. अशा पुस्तकाचे नाव 'फीस्ट' का? कारण लेखकास येथे जेवण म्हणावयाचेच नाही. त्यास सण म्हणावयाचा आहे. तारखेला न बांधलेला, माणसाबरोबर गावोगाव जाणारा सण. 'चल सण' हे नाव कानास रुक्ष लागते खरे, तथापि ग्रंथाचे हृद्गत त्यात सुरक्षित राहते.

तिसरा ग्रंथ आपल्या अधिक निकटचा. अनिता देसाई यांची 'फास्टिंग, फीस्टिंग' ही कादंबरी १९९९ साली निघाली व त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. कानाला जुळे भासणारे हे दोन शब्द वस्तुतः सख्खे नाहीत. 'फास्ट' हा जर्मानिक घराण्यातील; 'घट्ट धरून राहणे' हा त्याचा मूळ भाव. दोघांची गाठ पंचांगाने घातली : उपवास आधी, सण नंतर. कादंबरीच्या पूर्वार्धात भारतातील एका घरात उमा ही थोरली मुलगी आईवडिलांच्या तैनातीत आयुष्य कंठते. उत्तरार्धात तिचा भाऊ अरुण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पॅटन कुटुंबाकडे उन्हाळ्याची सुटी घालवतो. तेथे शीतपेटी ओसंडून वाहते, अंगणात मांस भाजले जाते, आणि घरातील मुलगी मेलनी गोडधोड खाऊन ते ओकून टाकते. उमाची उपासमार हे व्रत नव्हे, कारण ते तिने घेतलेले नाही. पॅटनांचे खाणे हा सण नव्हे, कारण ते एकत्र जेवतच नाहीत. शीर्षकात दोन्ही शब्द क्रियेच्या रूपात आले आहेत, त्याचे मर्म हेच. 'उपवास आणि मेजवानी' असे म्हणताच आपण त्या दोन घरांना नसलेली प्रतिष्ठा बहाल करतो. उत्तरार्धाविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. उमा हाडामांसाची आहे. मेलनी मात्र पुष्कळदा सिद्धांताचे उदाहरण म्हणून वावरते. त्यामुळे तराजूची दुसरी बाजू हलकी राहते. पण तराजू मांडण्याची दृष्टी लेखिकेची आहे, आणि ती खरी आहे.

मग मराठीने या शब्दास सामोरे कसे जावे? एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडावा, हे पहिले. दिवस प्रधान असेल तेथे 'सण', यजमान प्रधान तेथे 'मेजवानी', बरोबरीने बसणे प्रधान तेथे 'पंगत', आणि निव्वळ भूक बोलत असेल तेथे 'ताव मारणे'. दुसरे असे की, आपल्या भाषेपाशी एक असा शब्द आहे, जो इंग्रजीस हेवा वाटावा इतका नेमका आहे. सुंदर दृश्य पाहताना इंग्रजाचे डोळे 'फीस्ट' करतात. मराठी माणसाच्या डोळ्यांचे 'पारणे फिटते'. इंग्रजी वाक्प्रयोगात नुसती तृप्ती आहे. आपल्या वाक्प्रयोगात तृप्तीपूर्वीचा उपवासही जपलेला आहे. अर्थात् आपणही या बाबतीत निष्कलंक नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही परक्यांनी रचलेली नव्हे!

हा भेद परप्रांतात वास्तव्य करणाऱ्या आपणां मंडळींना समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. बदलीच्या गावीही चक्का मिळतो, पुरणपोळी घरी होते. परंतु पाडव्याच्या दिवशी कचेरी उघडी असते आणि शेजारच्या दाराशी गुढी नसते. म्हणून आपली मंडळे सोयीच्या रविवारी जमतात, आणि तिथी मागे राहिली तरी चारचौघे एका ओळीत जेवावयास बसतात. यास मेजवानी म्हणणे कमीपणाचे होईल. दिवस हुकला तरी पंगत चुकवावयाची नाही, या आग्रहातूनच चल सण जन्मास येतो. इंग्रजी शब्दाचे जुने तेज पाहावयाचे असेल, तर ते कोशापेक्षा अशा पंगतीतच अधिक स्पष्ट दिसेल.